हप्ता का चुकला?

मी आयुष्यभर एका सहकारी बँकेत थकबाकी वसूल केली. या कामात नावलौकिक मिळवलेल्या माणसाची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी दिसली, की निम्मी गल्ली देवदर्शनाला निघते. अशा माणसानं स्वेच्छानिवृत्ती घेऊन समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातलं, तर घरच्यांनी काय म्हणावं? बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं लोक तुम्हाला बघून मागच्या दारानं पळाले. ते आता पुढच्या दारानं, आपण होऊन आणि वर फी देऊन येणार?" मुलगी जरा समजूतदार. ती म्हणाली, "बाबा, कल्पना चांगली आहे. पण त्यासाठी आधी समोरच्याचं ऐकून..."

"मी ऐकतोच!" मी म्हणालो.

वर्ग नाशिकलाच, शनिवार-रविवार. वर्गात बहुतेक मुली, आणि त्या माझ्या मुलीहून लहान. पहिल्या दिवशी मला सर समजून त्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी काका झालो आणि झेरॉक्स काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या वयाच्या जवळपासची एकच व्यक्ती होती, एक निवृत्त मुख्याध्यापिका. आम्हा दोघांची मनोमन खात्री होती, की आपल्याला शिकायचं ते नावापुरतंच. अनुभव गाठीशी आहे. दुःखी माणूस समोर बसवायचा अवकाश, चहा निवायच्या आत त्याला मार्गी लावू. पन्नाशीनंतर या अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येकाचा हाच समज असतो. पहिलं सत्र तो समज उतरवण्यातच खर्ची पडतं.

कारण इथला पहिला नियमच असा, की सल्ला द्यायचा नाही. आता हे मराठी माणसाला सांगायचं म्हणजे! आपल्याकडे सल्ला द्यायला ओळखसुद्धा लागत नाही. एसटीत शेजारचा प्रवासी गुडघा चोळताना दिसला, तर सिन्नर यायच्या आत त्याला दोन डॉक्टर, एक वैद्य आणि निर्गुंडीचं तेल सुचवून झालेलं असतं.

दुसरा नियम माझ्या मुळावरच आला. 'का' विचारायचं नाही. मॅडम म्हणाल्या, 'का' ऐकलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जातो आणि सबबी शोधायला लागतो. सबबी शोधतो हे मला नवीन नव्हतं. त्या गोळा करण्याचाच मला पगार मिळत होता. "हप्ता का चुकला?" या एका प्रश्नावर माझं घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं. तो प्रश्न काढून घेतल्यावर माझ्याकडे उरलं काय?

सराव तिघातिघांत चालतो. एक समुपदेशक, एक क्लायंट आणि तिसरा निरीक्षक. माझ्यासमोर बसलेली मुलगी सांगू लागली, की आईशी बोलणं बंद आहे. मी विचारलं, "का?" निरीक्षक मुलीनं बोट वर केलं. "बरं, कशामुळे?" पुन्हा बोट. "नेमकं कारण काय घडलं?" ती म्हणाली, "काका, तुम्ही तोच प्रश्न वेश बदलून आणताय." मुख्याध्यापिकाबाईंची अडचण निराळी. त्यांचा क्लायंट रडत रडत सांगत होता आणि त्या मध्येच त्याचं व्याकरण सुधारत होत्या.

मला एकाच विषयात आपोआप चांगले गुण मिळाले, तो म्हणजे शांतता. समोरचा गप्प झाला, तर समुपदेशकानं घाईनं काही बोलून ती पोकळी बुजवायची नसते. तरुण मुलींना हे फार जड जाई. मला काहीच वाटेना, कारण नोटीस टेबलावर ठेवून काही न बोलता बसण्यात माझी हयात गेली. आपण गप्प राहिलं की कर्जदार बोलतो, हे मी पुस्तक न वाचता शिकलो होतो. कर्जदार पहिल्या भेटीत पाऊस सांगतो, दुसऱ्या भेटीत द्राक्षाचा पडलेला भाव सांगतो. तिसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर, चप्पल घालता घालता सांगतो, की भावानं बांधावरून केस टाकली आहे आणि दिवाळीपासून दोघांत बोलणं नाही. समुपदेशनातही असंच होतं. माणूस मुलाच्या मार्कांबद्दल बोलायला येतो आणि खरी गोष्ट वेळ संपल्यावर, दाराशी उभा राहून सांगतो. फरक इतकाच, की ती ऐकून मी पूर्वी जप्तीची तारीख सांगायचो.

कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली लिहून ठेवलं, की माणूस बदलायचा तर समुपदेशकाकडे तीन गोष्टी हव्यात. त्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं, स्वतःचा खरेपणा आणि समोरच्याचा बिनशर्त स्वीकार. बिनशर्त! आमच्याकडे बिनतारण कर्जसुद्धा दोन जामीनदारांशिवाय मिळत नसे.

या रॉजर्सची १९६५ सालची एक फिल्म आम्हाला दाखवतात. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित बाई रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस अशा तिघांना पाळीपाळीनं भेटते. आपल्या खासगी आयुष्यातलं खरं मुलीला सांगावं की नाही, हा तिचा प्रश्न. ती रॉजर्सकडे परत परत उत्तर मागते. तो मन लावून ऐकतो, तिची घालमेल तिलाच उलगडून दाखवतो, पण उत्तर काही देत नाही. मी घरी पुन्हा ही फिल्म लावली, तेव्हा बायको पदर खोचून मागे उभी होती. म्हणाली, "यात शिकायचं काय? काहीही विचारलं की उत्तर द्यायचं नाही, हे तुम्हाला लग्नापासून येतंय."

समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगणं, हे या पद्धतीतलं मुख्य कौशल्य. मी ते घरात वापरून पाहिलं. "तुला खूप वैताग आल्याचं मला जाणवतंय," मी म्हणालो. "जाणवतंय ना? मग गॅस बंद करा, तीन शिट्ट्या झाल्या." तंत्र तेवढं उचललं की असं होतं. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम केला. रॉजर्सच्या धर्तीवर तो माणसाचंच वाक्य फिरवून त्याच्यापुढे ठेवी. गंमत म्हणजे वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्रॅम तयार होताना पाहिलेला होता. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर तिनं साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आमच्या घरात मात्र मलाच बाहेर जायला सांगतात.

आणखी एक नियम. नातेवाइकांचं समुपदेशन करायचं नाही. मग करायचं कुणाचं? माझ्या पदविकेची बातमी फुटताच संगमनेरहून आत्याचा फोन आला. तिच्या नातवाचं लग्न जमत नाही, त्याला मी 'समजावून' सांगावं. "आणि तो काय म्हणाला ते मला तेवढं कळव," ती म्हणाली. मी गोपनीयतेचा नियम सांगितला. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठण्याची शक्यता असेल, अशा अपवादातच ती सहसा मोडता येते. आत्या त्या अपवादात बसत नाही. तिनं फोन ठेवला आणि थेट बायकोला लावला.

फिल्ममधल्या त्या तिघांत मला खरा भावला तो एलिस. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बायकांशी बोलायची भीती घालवण्यासाठी तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक बायकांशी ओळख नसताना बोलला. त्यातल्या एकीनंच भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. या गड्याचं आयुष्य अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे मराठीत घरबसल्या वाचता येतं. लाजेवर त्याचा एक जालीम उपाय होता. गाडीत सगळ्यांसमोर मोठ्यानं स्टेशनांची नावं पुकारायची. लोक हसतात, आपण मरत नाही, हे अनुभवाला येतं.

मी नाशिकरोडला सिटी बसमध्ये चढलो. बिटको आलं तरी घशातून आवाज फुटेना. दत्तमंदिराला ओठ हलले. शेवटी धीर करून ओरडलो, "उपनगर!" कुणीही हसलं नाही. दोघं जण उतरले. एक आजी म्हणाल्या, "गांधीनगर आलं की सांगा हं." मी सांगितलं. मग एक कॉलेजचा मुलगा शंभराची नोट पुढे करून म्हणाला, "एक शालिमार." मी कंडक्टर नसल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "मग ओरडता कशाला?" खरा कंडक्टर मागून आला. त्याला वाटलं मी खात्याचा तपासनीस. तो सीबीएसपर्यंत मला नमस्कार करत होता. एलिसचा हा उपाय न्यूयॉर्कमध्ये चालत असेल. आपल्याकडे माणसानं अधिकारवाणीनं काहीही ओरडलं, तरी लोक त्याला कामावर समजतात. माझी लाज जिथल्या तिथे राहिली.

परीक्षेचं फार सांगत नाही. तीन तास पेनानं लिहायची सवय सुटलेली, बोटं आखडली, आणि शेजारची मुलगी तिसरी पुरवणी मागत असताना मी मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाच्या गरजांच्या पिरॅमिडचा पाया आखत होतो. पास झालो. मुख्याध्यापिकाबाईही झाल्या आणि त्यांनी तपासलेली उत्तरपत्रिका मागवून घेऊन परीक्षकाच्या दोन चुका काढल्या.

माझं प्रात्यक्षिक अजून पुरं व्हायचं आहे, तोवर स्वतंत्रपणे कुणाला भेटायची मला परवानगी नाही. तेव्हा कुणाच्या मनावर ओझं असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माझ्याकडेच यायचं असेल, तर पावसाळ्यानंतर या. नातेवाईक सोडून.