चिरंजीवांची गाडी आणि गॅरेजमधला फ्रीझर

एडिसन, न्यू जर्सी
26 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र सूनबाईंनी लिहायला घेतलं आहे. गाडीच्या विषयात या घरात माणसं चार आणि मतं पाच असल्यामुळे वृत्तान्त बातमीदाराच्या थाटात लिहायचा, ‘मी’ कुणीही म्हणायचं नाही, असं जेवणाच्या टेबलावर ठरलं. चिरंजीव पाठीमागे उभे राहून वाचत आहेत. नातू आकडे तपासतो आहे. नात फक्त रंगाचा उल्लेख कधी येतो याची वाट बघते आहे.

तर पाडव्याला दारात गाडी आली. आईंनी कळवलेल्या मुहूर्ताला नाही, संध्याकाळी उशिरा आली, कारण शोरूममधल्या माणसाला मुहूर्त ही सोय ठाऊक नव्हती. कोणती आली हे सांगण्याआधी ती येईपर्यंत काय काय झालं ते सांगायला हवं.

जुन्या सेडानचा गिअरबॉक्स वसंतात पार्कवेवर गेला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला आणि चिरंजीवांनी त्याच रात्री एक्सेल उघडलं. बाबांचा पहिला प्रश्न फोनवर आलाच: ‘ॲव्हरेज किती देते?’ इथे हिशेब मैल आणि गॅलनचा. चिरंजीवांनी एका रकान्यात सगळं लिटर-किलोमीटरमध्ये बदलून ठेवलं. 50 मैलांचा गॅलन म्हणजे आपल्याकडचा लिटरला 21 किलोमीटरहून थोडा जास्त. त्यावर बाबा म्हणाले, इथे ग्रँड व्हिटारा हायब्रीड लिटरला 27.97 देते म्हणतात, मग अमेरिकेत काय दिवे लावले? चिरंजीवांनी त्यांना नम्रपणे आठवण करून दिली की वेताळ टेकडीवर फिरायला जाताना डाव्या हाताला जी एआरएआय लागते, तिथल्यासारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा तो आकडा आहे आणि रस्त्यावर तो सहसा उतरतो. अमेरिकी सरकार मात्र प्रयोगशाळेतला आकडा एसी, थंडी आणि घाईचा पाय धरून आधीच खाली आणतं आणि मग काचेवर चिकटवतं. बाबांनी ‘डावा नाही, उजवा हात’ एवढीच दुरुस्ती केली.

बाबांनी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढली आहेत. त्यांनाच हायब्रीडचं यंत्र समजावण्याचं धाडस चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर केलं. खंबाटकी घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय देतो, लायनर तापतात, वास सुटतो आणि डिझेल जाळून मिळवलेला वेग वाऱ्यावर जातो. हायब्रीडमध्ये ब्रेक दाबला की मोटरचाच डायनॅमो होतो आणि त्या वेगातला बराचसा भाग बॅटरीत परत जमा होतो. म्हणून रखडत्या रहदारीतही या गाड्या हात आखडत नाहीत. साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज हायवेवर चांगलं, शहरात वाईट. करोला हायब्रीडचं उलटं, शहरात 53 आणि हायवेवर 46. टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. एक इंजिन, दोन मोटरी आणि मध्ये प्लॅनेटरी गिअरचा संच. ‘मग बिघडणार काय?’ असं बाबांनी विचारलं. ते कौतुकाने विचारलं नव्हतं, संशयाने विचारलं होतं.

बॅटरी बिघडणार, अशी सूनबाईंनाही धास्ती होती. ती निम्मी एका टॅक्सीवाल्याने घालवली. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींत हायब्रीड 2005 पासून आहेत, आणि दिवसभर मॅनहॅटनच्या सिग्नलवर उभं राहून पोट भरणारा माणूस गाडीची निवड भावनेच्या भरात करत नाही. त्यातून टोयोटा 2020 च्या मॉडेलपासून हायब्रीड बॅटरीची हमी 10 वर्षं किंवा दीड लाख मैलांची देते. म्हणजे किलोमीटर दोन लाख चाळीस हजार. नातवाने हिशेब करून सांगितलं की तोवर तो स्वतः गाडी चालवत असेल. त्या क्षणी बॅटरीची धास्ती गेली आणि दुसरी सुरू झाली.

आता प्लग-इनची गोष्ट. मोठी बॅटरी, घरच्या प्लगला लावायची, रोजचं चालणं विजेवर, लांब जायचं तर पेट्रोल. टोयोटाच्या प्रियसचं प्लग-इन एकदा भरलं की विजेवर 44 मैल जातं. चिरंजीवांचा स्टेशनपर्यंतचा रस्ता, मुलांची शाळा, ओक ट्री रोडवरचा भाजीपाला हे सगळं त्यात दोनदा बसतं. शिवाय गावाचं नावच एडिसन. ज्याच्या नावावरून 1954 साली हे नाव ठेवलं, त्या गृहस्थाने विजेच्या गाड्यांसाठी निकेल-लोखंडाच्या बॅटऱ्या बनवायलाही आयुष्याची कितीतरी वर्षं घातली होती. अशा गावात राहून गाडी प्लगला लावायची नाही म्हणजे कृतघ्नपणाच, असं चिरंजीवांचं म्हणणं.

अडचण प्लगची होती. गॅरेजमध्ये गाडी राहत नाही हे तुम्ही मागच्या खेपेस पाहिलंच. तिथे गणपतीचं मखर, चार रिकाम्या बॅगा, टिश्यू पेपरचे वर्षभराचे गठ्ठे आणि भिंतीला लागून सूनबाईंचा मोठा फ्रीझर. त्यात हापूसचा रस, खवलेला नारळ, मटारच्या करंज्या. गॅरेजमधल्या एकुलत्या एक प्लगवर त्या फ्रीझरचा ताबा आहे.

जुलैत चिरंजीवांचा कॉलेजमधला मित्र शनिवार-रविवार मुक्कामाला आला, त्याची प्लग-इन घेऊन. ‘नाहीतरी उभीच आहे, लावून बघू’ असं ठरलं. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, केबल गॅरेजच्या दाराखालून आत. अमेरिकेतला घरगुती प्लग 120 व्होल्टचा. त्यावर प्रियसच्या प्लग-इनला शून्यापासून भरायला 11 तास लागतात. मित्राने दोन टोकांचा अडॅप्टर काढून फ्रीझर आणि गाडी एकाच प्लगवर बसवली, आणि मंडळी गप्पांना वर गेली. गाडी सलग 12 अँपिअर ओढते, सर्किट 15 चं. फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि ब्रेकर पडला. रात्री कुणाला कळलं नाही. सकाळी नात आइसक्रीमसाठी गॅरेजमध्ये गेली आणि ओरडतच वर आली. फ्रीझरच्या तळाशी खोबऱ्याचं पाणी, करंज्या मऊ, आणि रसाच्या डब्यांवर दव. सूनबाई काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी कणीक भिजवायला घेतली. दुपारी आमरस-पुरीला शेजारची तीन कुटुंबं होती, आणि मित्राची गाडी रस्त्यावरच्या चार्जरला.

तरीही चिरंजीवांनी हट्ट सोडला नव्हता. तो सोडवला विजेच्या बिलाने. सगळे आकार धरून इथे युनिट साधारण 20 सेंटला पडत होतं. प्लग-इन प्रियस 100 मैलांना 26-27 युनिटं खाते, म्हणजे 5 डॉलर 30 सेंट. साधी प्रियस गॅलनला 57 मैल देते आणि पेट्रोल 3 डॉलर 10 सेंट धरलं, तर तेच 100 मैल 5 डॉलर 44 सेंटला होतात. फरक 14 सेंटांचा. आणि शोरूममध्ये प्लग-इन साध्या प्रियसहून सुमारे 5,000 डॉलर महाग. नातवाने हा हिशेब दोनदा केला, मग वडिलांकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर बाबांची आहे.

हा हिशेब सगळीकडे असाच नाही, हे चिरंजीवांनी इथे आवर्जून लिहायला सांगितलं. सिअ‍ॅटलच्या मावसभावाकडे कोयनेसारखी धरणांची वीज, ती एडिसनपेक्षा खूप स्वस्त, आणि पेट्रोल खूप महाग. त्याच्या गॅरेजमध्ये फ्रीझरही नाही. तीच गाडी त्याला परवडते. पण त्यासाठी रोज रात्री आठवणीने केबल लावावी लागते, आणि माणसं तिथेच कमी पडतात. युरोपीय आयोगाने 2021 सालच्या गाड्यांतल्या मीटरांचे आकडे तपासून 2024 मध्ये जाहीर केलं की प्लग-इन गाड्यांचा रस्त्यावरचा कार्बन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. चार्ज न करता प्लग-इन चालवणं म्हणजे छत्री काखेत मारून पावसात भिजत जाणं. मित्रानेही आमरसाच्या दुसऱ्या वाटीनंतर कबूल केलं की पाऊस असला की तो केबल काढतच नाही.

केंद्र सरकारच्या सवलतीचं काय, असं बाबांनी विचारलं होतं. नव्या प्लग-इन गाडीला 7,500 डॉलरपर्यंत सूट होती, पण गाडीची जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली हवी. प्रियस जपानहून येते, म्हणून विकत घेणाऱ्याला ती नव्हती. भाड्याने, म्हणजे लीजवर घेतली तर वेगळ्या वाटेने मिळायची. 25,000 डॉलरच्या आतल्या जुन्या प्लग-इनला 4,000 पर्यंत होती. जुलैत कायदा झाला आणि 30 सप्टेंबरला हे सगळं बंद पडलं. त्या दिवशी चिरंजीव एक्सेलच्या चौथ्या टॅबवर होते.

जुनी प्रियस स्वस्तात घ्यावी हा प्रस्ताव सूनबाईंचा. तो स्टेशनच्या पार्किंगमध्ये बारगळला. 2004 ते 2009 च्या प्रियसच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही चोरांची खास आवड. हायब्रीडचं इंजिन निम्मा वेळ बंदच, त्यामुळे आतलं प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम कमी झिजतं. बॅटरीवरची करवत घेऊन दोन-तीन मिनिटांत काम आटोपतात. चिरंजीव संध्याकाळी न्यूयॉर्कहून ट्रेनने परतणार आणि गाडी रणगाड्यासारखी गर्जत घरी येणार, हे चित्र सूनबाईंनाच पटलं नाही.

मध्येच सिव्हिक हायब्रीडचा मोह झाला. 200 हॉर्सपॉवर, 49 मैल, आणि 2025 ची ‘नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर’. चाचणीच्या फेरीत चिरंजीवांनी रूट 1 च्या चढणीवर पाय दाबला आणि चेहरा असा झाला की सूनबाईंना एफसी रोडवरची जुनी मोटरसायकल आठवली. किंमत 2025 मध्ये 28,750 पासून पुढे होती. चेहरा हळूहळू पूर्ववत झाला.

अखेर घेतली ती करोला हायब्रीड. गॅलनला 50 मैल, 138 हॉर्सपॉवर, म्हणजे टर्नपाइकवर कुणाला मागे टाकायचं असेल तर आधी पत्र पाठवावं लागेल. मूळ किंमत 24,000 च्या आत, गाडी पोचवण्याचा आकार आणि 6.625 टक्के विक्रीकर वेगळा. प्रियस तिच्याहून साडेचार हजारांनी महाग. तिच्या 57 मैलांमुळे वर्षाच्या 8,000 मैलांमागे वाचणार साठेक डॉलर. नातवाच्या म्हणण्याप्रमाणे हा फरक भरून निघायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील. प्रियस दिसायला फारच देखणी आहे, एवढं एक वाक्य चिरंजीवांच्या आग्रहाखातर.

शोरूमचं नाव लिहीत नाही. तिथल्या मागच्या खोलीत एका हसऱ्या गृहस्थाने कागद पुढे सरकवला. रंगाला लेप, काचेवर नंबर कोरणं, टायरमध्ये नायट्रोजन. तीन ओळी, बाराशे डॉलर. सूनबाई तुळशीबागेत लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत. त्यांनी पर्स बंद केली, उठून उभ्या राहिल्या आणि मुलांना चला म्हणाल्या. दाराजवळ पोचेपर्यंत लेप आणि कोरीवकाम फुकट झालं होतं. नायट्रोजनवर तो अडून बसला. तेव्हा नातवाने शाळेत शिकल्याप्रमाणे सांगितलं की साध्या हवेतच 78 टक्के असतो. तिसरी ओळही गेली. सही करण्याआधी, बाबांच्या सूचनेप्रमाणे, डिकी उघडून गादी उचलून पाहिली. कारण हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच्या जागी छोटा पंप आणि चिकट औषधाची बाटली देतात.

पूजा ड्राइव्हवेवर झाली. नारळ टायरखाली फोडू नये, शेजारी पोलिसांना बोलावतील, असं ठरल्यामुळे तो पायरीवर फोडला. गाडी सुरू केली तरी आवाज काहीच नाही, तेव्हा नातीने विचारलं की बिघडली का. चाकाखाली लिंबू चिरडल्याचा मात्र छान आवाज आला. रंग निळा आहे.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव पेट्रोल भरायला गेले. न्यू जर्सीत 1949 च्या कायद्याने ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचं नाही, पंपावरचा माणूसच भरतो. 2023 मध्ये ओरेगनने सूट दिल्यापासून अशी बंदी असलेलं हे एकच राज्य उरलं आहे. आपल्याकडच्यासारखंच, फक्त कुणी ‘साहेब, झीरो बघून घ्या’ म्हणत नाही. चिरंजीवांनी सवयीने बघितला.

बाकी सर्व क्षेम. फराळाचं पार्सल पोचलं, चकल्या अर्ध्या मोडल्या आहेत पण चवीला फरक नाही. आईंनी गुडघ्याचं औषध बंद करू नये.

कळावे, लोभ असावा.
सर्वांच्या वतीने,
सूनबाई

ता. क. बाबा मे महिन्यात येणार म्हणून चिरंजीव खूश आहेत. पण बाबांनी पान्यांचा संच आणू नये. लांब हत्यार विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि गाडीतल्या नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात, त्यांना हात लावायचा नाही असं आतल्या पुस्तिकेत लिहिलं आहे. बॉनेट उघडून बघायला हरकत नाही. तेवढी परवानगी चिरंजीवांनी दिली आहे.