तो रकाना कोरा सोडू देऊ नका

वेबसाइटवर मजकूर चढवताना सॉफ्टवेअर काय काय विचारतं बघा. मथळा विचारतं, विभाग विचारतं, टॅग विचारतं. फोटो डावीकडे की उजवीकडे, हेही विचारतं. फोटोत आहे काय, हे मात्र अडून विचारत नाही. ऑल्ट टेक्स्टचा, म्हणजे फोटोचं वर्णन लिहायचा, रकाना कडेला असतो खरा, पण तो कोरा ठेवून 'पब्लिश' दाबलं तरी सहसा कुणी हटकत नाही.

आता तेच पान एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लावून ऐका. ऑल्ट टेक्स्ट नसलेला साधा फोटो आला की आवाज काहीच न सांगता पुढे सरकतो. फोटोवर लिंक असेल तर बहुधा फाइलचं नाव वाचतो: आयएमजी, अंडरस्कोर आणि आकड्यांची रांग. परीक्षेचं वेळापत्रक जेपीजी करून टाकलेलं असेल तर अंध विद्यार्थ्याच्या हाती एवढंच लागतं. मथळ्यांचंही तसंच. एनव्हीडीएत 'एच' दाबलं की पुढच्या मथळ्यावर जाता येतं. लांबलचक पान चाळण्याची अंध वाचकाची ही मुख्य सोय. लिहिणाऱ्याने अक्षर नुसतं ठळक आणि मोठं करून मथळा 'दाखवला' असेल, तर 'एच' दाबून काहीच सापडत नाही. मराठीत आणखी एक भर: पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलेलं नसेल, तर देवनागरी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचला जाऊ शकतो.

यावर ठरलेला उपाय म्हणजे लिहिणाऱ्यांची कार्यशाळा. संवेदनशील व्हा, असं तिथे सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. घाईत एकामागून एक मजकूर चढवणाऱ्या माणसाच्या लक्षात राहण्यावर दुसऱ्याचा हक्क का टांगून ठेवायचा? चूक जिथे होते तिथेच अडवा. ड्रुपल या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरने २०१५ साली आठव्या आवृत्तीत हेच केलं: फोटोच्या रकान्यात ऑल्ट टेक्स्ट मुळातच सक्तीचं. वर्डप्रेसचा संपादक अक्षर आणि पार्श्वभूमीचे रंग फारच जवळचे निवडले तर सावध करतो, मथळ्यांची पातळी चुकली तर आराखड्यात दाखवतो. ऑल्ट टेक्स्ट मात्र ऐच्छिकच ठेवतो. सक्ती केली की लोक 'फोटो' एवढंच लिहून मोकळे होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून निव्वळ सजावटीच्या चित्रासाठी वेगळी खूण हवी आणि रकान्याशेजारी एक चांगला नमुना हवा. कोऱ्या रकान्याचं समर्थन त्यातून होत नाही.

यातलं नवीन काहीच नाही. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने संपादन सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र निकष, एटॅग २.०, सप्टेंबर २०१५मध्येच जाहीर केले. त्यांचे दोन भाग आहेत. सॉफ्टवेअरने सुगम्य, म्हणजे अपंगांनाही वापरता येणारा, मजकूर घडवायला मदत करावी, हा दुसरा. आणि ते सॉफ्टवेअर अपंग व्यक्तीलाही चालवता यावं, हा पहिला.

हा पहिला भाग आपण पार विसरलो आहोत. अंध माणूस वाचकच असणार, लेखक किंवा संपादक नसणारच, असं जणू ठरून गेलंय. वर्डप्रेसने डिसेंबर २०१८मध्ये गुटेनबर्ग हा नवा संपादक आणला. त्याच्या दोनच महिने आधी तिथल्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रिअन रीटफेल्ड यांनी राजीनामा दिला होता, तो याच संपादकाच्या कामातल्या अडचणींवरून. पुढे डब्ल्यूपीकॅम्पस या शैक्षणिक क्षेत्रातल्या गटाने निधी गोळा करून त्याची तपासणी करवली. २०१९च्या त्या अहवालात कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्यांच्या अडचणींची भलीमोठी जंत्री निघाली. जगातल्या दर पाचांतल्या दोन वेबसाइट ज्या वर्डप्रेसवर चालतात, तिथली ही गोष्ट. आधी सॉफ्टवेअर बाजारात आणायचं आणि सुगम्यता मागून चिकटवायची, हा क्रमच चुकीचा आहे.

आपल्याकडे आता 'सवडीने बघू' म्हणायची सोय उरलेली नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, किमान निकष सक्तीचे हवेत. ३० एप्रिल २०२५च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

तेव्हा महापालिका, विद्यापीठं, बँका आणि वृत्तपत्रांच्या खरेदी विभागांना सांगणं एवढंच. नव्या वेबसाइटची निविदा काढाल तेव्हा एटॅग २.० ही अट नावानिशी घाला. आणि बिल चुकतं करण्याआधी एखाद्या अंध कर्मचाऱ्याला त्या सॉफ्टवेअरसमोर बसवा, मानधन देऊन. त्याला माउसला हात न लावता एक सूचना लिहून, फोटो जोडून प्रसिद्ध करता आली नाही, तर पैसे देऊ नका.