रेंजचे ग्रेडर

यवतमाळात आर्णी रोडला लागा, नाहीतर लोहारा-वाघापूरकडे वळा. प्रत्येक लेआउटमध्ये असा एक गृहस्थ हमखास सापडतो. निवृत्त, पेन्शन बरी, पोरगा पुण्याला. पोरगा दिवाळीत येतो, लांबोळक्या घरात वायफाय एक्सटेंडर ठोकतो आणि निघताना सांगतो, "बाबा, आता जो जवळचा असेल तो आपोआप पकडेल." आपोआप होणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवणं या गृहस्थांच्या रक्तात नसतं.

आमच्या लेआउटमधले काका तर कापूस पणन महासंघातले ग्रेडर. १९७२ साली राज्यात एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस विकायचा तो सरकारलाच. काकांची उमेदीची वर्षं संकलन केंद्रावर गेली. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ बाहेर काढायची, चिमटीत धागा ओढायचा आणि निकाल द्यायचा. बैलगाडीवाला तोंडाकडे बघत उभा. राज्याच्या हद्दीपलीकडे भाव बरा असला, की तोच माल रातोरात पिंपळखुटीवरून आदिलाबादेत उतरायचा. योजना कधीच इतिहासजमा झाली, पण ती सल काकांच्या मनातून गेली नाही. माल ठरल्या जागीच गेला पाहिजे!

आता संध्याकाळी दिवेलागणीला काका वही घेऊन घरभर फिरतात. वहीत रकाने आखलेले: यंत्र, खोली, केंद्र, प्रत, शेरा. मोबाइलच्या ॲपवर रेंजचा आकडा बघायचा आणि प्रत ठरवायची. उणे ५० म्हणजे सुपर, उणे ६५ म्हणजे एफएक्यू, उणे ८० म्हणजे कवडी. काकूंना हे गणित पटत नाही.

"पन्नासहून ऐंशी जास्त ना?"

"उणे हाय ते, अवं!"

"मंग उणं असलेलं मोजता कायले?"

एक्सटेंडर आधी काकांनी मागच्या खोलीत, अगदी कोपऱ्यात लावून घेतला होता, कारण रेंज तिथंच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याला स्वतःलाच राउटरची चांगली रेंज लागते, म्हणून तो निम्म्या वाटेवर हवा. हे कळल्यावर तो माजघरात आला, थेट पलंगाच्या वर. तरी पलंगावर पडलेला काकूंचा फोन जोडलेला कुठं, तर बैठकीतल्या राउटरला!

"पाय बरं! डोक्यावर टांगला हाय अन् हा फोन काहून तिकडं चिकटला?"

दोष फोनचा म्हणावा, तर तसाही नाही. कुणाशी जोडायचं हे राउटर ठरवत नाही, एक्सटेंडर तर नाहीच नाही. ठरवतो तो फोन. आणि एकदा धरलेलं तो सहसा सोडत नाही. आयफोन तर रेंज उणे ७० च्या आसपास उतरेपर्यंत दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही, असं त्याच्या कंपनीनंच जाहीर केलंय. वायफायच्या नव्या नियमांत राउटरला थोडं बोलायची मुभा आहे, पण तीही सल्ल्यापुरती: 'तिकडं जातोस का?' ऐकायचं की नाही, ही पुन्हा फोनची मर्जी. पोरानं हे समजावलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. सरकारनं नुसतं विचारायचं, माल कुठं न्यायचा ते शेतकरीच ठरवणार, असलं काहीतरी त्यांनी ऐकल्यासारखं वाटलं.

मग काकांनी नाकाबंदी सुरू केली. एक्सटेंडरचं नाव वेगळं ठेवलं, फोनमधून राउटरचं नाव पुसून टाकलं. आता काकू बैठकीत आल्या तरी फोन माजघर सोडेना. नावं पुन्हा एक केली. राउटरची ताकद कमी करून पाहिली, हा उपाय खरं तर बरा होता; पण तेवढ्यात एप्रिल लागला आणि खिडकीत कूलर बसला. पत्र्याचं अंग आणि पोटात टाकीभर पाणी! पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. पारा ४४ वर असताना 'कूलर काढा' म्हणण्याची हिंमत यवतमाळात कुणाची नाही, काकांचीही नाही. त्यांनी फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'ओलावा'. कापसाच्या मालालाही त्यांचा हाच शेरा असे.

त्यात लाइनीचा घोळ. राउटर इन्व्हर्टरवर, एक्सटेंडर नाही. लाइन गेली की टीव्ही सोडून झाडून सगळे राउटरकडे. आली की परत फिरायचं नाव नाही. म्हणून काकांनी हुकमी इलाज काढला: रोज साडेसातला दोन मिनिटं राउटर बंद. एक्सटेंडर रिकामाच ओरडत राहतो, पण राउटर नसल्यानं सगळ्यांची पकड सुटते आणि परत जोडताना निदान निवड तरी नव्यानं होते. इलाजात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. पण साडेसातला काकूंची मालिका असते, हेही तितकंच खरं.

परवा मी गेलो तेव्हा राउटर बंद होता, टीव्ही काळा पडला होता आणि काकू फोनवर निवांत मालिका बघत होत्या. काका वही घेऊन आले, आकडा पाहायला फोन हातात घेतला आणि थबकले.

"अवं, हा तर कोठंच जोडला नाही!"

"माह्या रिचार्जवर चालू हाय. गणपतीपासून वायफाय बंदच हाय माहं."

काकांनी चष्मा पुसला, शेऱ्याचा रकाना शोधला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'आदिलाबाद'.