डावा टायर

सस्तापूर बंगल्यापर्यंत दाजींची पिकअप चकार शब्द बोलली नाही. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावरच्या त्या नाक्याला ट्रकच्या चेसिसपासून हॉर्नपर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्यांची रांगच्या रांग आहे. तिथून आम्ही काचा वर करून, मान ताठ ठेवून निघालो. बसवकल्याणात भजी झाली, कलबुर्गीचा रस्ता धरला आणि पहिल्याच खड्ड्याला माझ्या पायाखालून आवाज आला, खर्रर्र.

"टायर घासतोय," मी म्हणालो.

दाजींनी रस्त्यावरची नजर काढून माझ्या पोटावर ठेवली. "डावीकडचाच घासतोय."

पिकअपमध्ये डावीकडे मी होतो. पुढचा सगळा प्रवास या एका योगायोगावर चालला. खरं तर गेल्याच महिन्यात दाजींनी रुबाबासाठी 215 चे टायर काढून 235 चे बसवले होते. दोन्ही 75 च्या उंचीचे, पंधरा इंची रिमचे. हिशेब केला तर चाकाचा व्यास तीन सेंटीमीटरनं वाढतो, म्हणजे टायर चहूबाजूंनी दीड सेंटीमीटर कमानीच्या जवळ जातो. हे मी तोंडी गणित करून सांगितलं. दाजी म्हणाले, "मग उजवीकडचा का नाही घासत?" गणित तिथं संपलं.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरानं इथं मिताक्षरा लिहिली आणि पुढं शेकडो वर्षं भाऊबंदांच्या वाटण्या त्या आधारावर झाल्या. पण मेव्हण्यानं गाडीत कुठं बसावं याबद्दल त्या थोर माणसानं काही लिहून ठेवलेलं नसावं. दाजींनी परस्पर निकाल दिला आणि मला मागच्या हौद्यात बसवलं. आवाज थांबला. पुरावा पक्का झाला. मी तुरीच्या रिकाम्या पोत्यांवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांना आणि कर्नाटकच्या लाल बसना सारख्याच गांभीर्यानं तोंड देत मुडबीला पोचलो.

मुडबी बीदर जिल्ह्याच्या कडेला आहे. थोडं पुढं गेलं की कलबुर्गी जिल्हा लागतो. 2014 पासून नाव कलबुर्गी झालं, तरी दाजी गुलबर्गाच म्हणतात. दाजी निलंग्याचे. 1956 पर्यंत निलंगा बीदर जिल्ह्यातच होता, त्यामुळे इथं आलं की त्यांना माहेरी आल्यासारखं होतं आणि भाव करायचा हक्क आपोआप येतो.

मिस्त्रीनं "बर्री, बर्री" म्हणून बोलावलं, माझ्याशी मराठीत बोलला, पोऱ्याला दखनीत हाक मारली आणि गाडीखाली शिरला. तोवर चौघं जमले. एक म्हणाला शॉकअप गेला. दुसरा म्हणाला बुश. तिसऱ्यानं फक्त माझ्याकडे बघितलं.

"टॉर्सन बसलाय," आतून आवाज आला.

टॉर्शन बार ही मोठी चतुर वस्तू. पुढच्या चाकाला स्प्रिंगच नाही, लांबलचक पोलादी दांडी आहे. तिचं एक टोक चाकाच्या आर्ममध्ये आणि दुसरं चेसिसला. चाक वर उचललं की दांडी ओल्या धोतरासारखी पिळली जाते आणि पीळ सुटू बघते, तोच गाडीचा आधार. फर्डिनांड पोर्शेनं 1931 मध्ये याचं पेटंट मागितलं. टाटांच्या सुमोत ही दांडी होती, आणि रशियन टी-72 रणगाड्यातही असते. "रणगाड्यात चालते," मी दाजींना म्हणालो. "रणगाड्यात तू बसत नाहीस," दाजी म्हणाले.

दांडीच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो आणि गाडीचं नाक वर येतं. मिस्त्रीनं आधी टेपनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजू मोजल्या. डावी बाजू दोन बोटं खाली होती. मग त्यानं टेप तसाच हातात धरून विचारलं, "साब रोज बैठते क्या इधर?"

"हौ," दाजी म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही.

"मग बसा. वजनावर मोजायला लागतं."

आता काम असं चाललं. जॅक लावून चाक अधांतरी करायचं, म्हणजे दांडीवरचा ताण उतरतो. मी खाली. बोल्टवर डिझेल सोडायचं, पाना घालायचा, थोडं आवळायचं. जॅक काढायचा. मी वर. पोऱ्यानं गाडी पुढं-मागं ढकलायची, कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या उंचीला बसत नाही. मला आत ठेवून ढकलताना तो पोरगा कन्नडमध्ये जे बोलला, ते मला कळलं नाही, पण चहावाल्याला कळलं. मग टेप. मग पुन्हा मी खाली.

"अजून चढव," दाजी सारखे म्हणत होते. मिस्त्रीनं नकार दिला. जास्त आवळलं तर पुढचं टोक दगडासारखं होतं, बॉल जॉइंटवर कोन येतो, टायर एका कडेनं झिजतो. शिवाय पूर्ण वळणावर रुंद टायर घासणारच, त्याला उंची पुरत नाही. म्हणून त्यानं स्टिअरिंगच्या स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर काढला. आता गाडीला वळायला अंगण जरा मोठं लागणार होतं, पण खर्रर्र गेला. पैशांवरून घासाघीस झाली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेबांच्या वजनाचे लावलेच नाहीत."

"उंची बदलली की चाकं फाकतात. गुलबर्ग्याला अलाइनमेंट करून घ्या," एवढं बजावून त्यानं निरोप दिला. कमलापूरला लाल केळी घेतली. ती दाजींनी माझ्या मांडीवर न ठेवता उजवीकडे ठेवली, तोल म्हणून.

कलबुर्गीत अलाइनमेंटच्या दुकानात गाडी चढवली. चाकांना पट्ट्या लावल्या, पडद्यावर आकडे आले. पोरगा अदबीनं दार उघडून मला म्हणाला, "सर, दोन मिनिटं खाली उतरता?"

"उतरू नको!" दाजी रस्त्यापलीकडून ओरडले.