अजून एक उकळी

दिवाळी सरली, धान कापून झालं, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटक असतं. पाहुणे सांगतात, वडशाच्या कंपनीचं नाटक बघायला आलो. येतात मात्र जेवायला. अशा दिवशी केशोरीत ज्याच्या घरी मटणाचा गंज चुलीवर चढतो, त्याला मामाजींना बोलावणं धाडावं लागत नाही. फोडणी पडायचा अवकाश, मामाजी अंगणात हजर.

मामाजींनी कधी कांदा चिरलेला कुणी पाहिला नाही. लाकडं फोडणं, इथली झणझणीत लाल मिरची वाटणं ही इतरांची कामं. त्यांच्याकडे खातं एकच: शिजलं की नाही, ते ठरवणं.

सराट्यावर ते हाडाजवळचा तुकडा घेतात. नुसत्या मांसाचा घेत नाहीत, कारण "तो लबाड असते जी, लवकर शिजते." फुंकर मारतात, अंगठा आणि बोटात दाबतात. मांस हाडावरून सुटून सरकलं तर झालं, दबून परत वर आलं तर नाही. मग तो तुकडा तोंडात जातो, नजर कौलांकडे लागते आणि घरातली बायापोरं त्यांच्या जबड्याकडे बघत राहतात.

"एक उकळी अजून."

दुसरा तुकडा गंजाच्या पलीकडच्या बाजूचा, कारण तिकडे आंच कमी. कलेजीची तपासणी त्याआधीच उरकलेली, कारण ती चटकन होते आणि राहिली तर चामडं होते. चौथ्या-पाचव्या तुकड्याला मटण पास होतं. तोवर मामाजींचं पोट भरलेलं असतं, तरी पहिल्या पंगतीत ते बसतातच.

पण खरं सांगायचं तर माणूस चुकत नाही. नुसतं मांस बघून "बोकड जून हाय, कच्ची पपई घाला" म्हणतात आणि ते तसंच निघतं. त्यांचा वैरी एकच, कुकर. झाकण बंद, हात घालायला जागा नाही, निकाल शिटीच्या हाती! ज्या घरात कुकर लागतो तिथे मामाजी पाणीही पीत नाहीत.

यंदा एका घरच्या नागपूरच्या जावयाने बर्फाच्या डब्यातून चिकन सॉसेजचं पाकीट आणलं. जावईबापूंनी समजावलं, हे आधीच शिजवलेलं असतं. पाण्याला उकळी आली की आंच कमी करायची, सात-आठ मिनिटं नुसतं गरम करायचं. खळखळ उकळलं तर साल फाटते.

"आधीच शिजलं? कोनी पायलं?" मामाजी.

त्यांनी एक कापलं. आत गुलाबी. "कच्चं हाय."

जावई म्हणाला, त्यात नायट्राइटचं मीठ असतं, म्हणून पूर्ण शिजलं तरी रंग गुलाबीच राहतो. कच्चं सॉसेज असतं, तर मधोमध थर्मामीटर खुपसून बघितलं असतं, चिकनला ७४ अंश झाले की झालं.

"मासाले ताप आला का पाहाचं?" मामाजींनी विचारलं. पोट्टे हसले, जावई गप्प बसला. सासरवाडीत एरवी जावयापुढे कुणी बोलत नाही, पण मामाजींपुढे जावयाचंही चालत नाही. चुलीत दोन लाकडं आणखी सरकली.

मामाजींची खरी पंचाईत वेगळीच होती. त्यांनी ते बोट फिरवून फिरवून बघितलं. "हाड कुठी हाय?" हाडच नाही, मग मांस सुटणार कशावरून? तेव्हा प्रत्येक उकळीला एकेक खाऊन बघणं आलं. साली फाटल्या, आतलं फुगून बाहेर आलं, पाणी तेलकट झालं आणि गुलाबी रंग काही हलेना. तासाभराने गंजात नुसतं पाणी उरलं.

मामाजींनी तेही चमचाभर चाखलं, मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि उठता उठता जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वेळी कच्चं आना जी. शिजवून पाहू."