चौसष्ट कलांचे शिबिर

श्रीकृष्णाने सांदीपनींकडे ६४ दिवसांत ६४ कला आत्मसात केल्या, असे भागवत सांगते. सांदीपनींचा आश्रम उज्जैनचा, तेव्हा उन्हाळी शिबिराचा मूळ मानही आमचाच. आता दिवस दहा आणि फी आगाऊ, एवढाच फरक.

मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला, की ग्रंथालयालाही मुले आठवतात. ‘उन्हाळी वाचन महोत्सव’ असा बॅनर लागतो. दीपप्रज्वलन, मेंदी, झुंबा, जादूचे प्रयोग; पाहुण्यांना उशीर झाला तर आणखी थोडी जादू. वाचन शेवटच्या दिवशी, वेळ उरल्यास. कपाटाला कुलूप, किल्लीवाले रजेवर. एका पोराने काचेवर नाक टेकवून आत पाहिले, तर लगेच दटावणी: “अरे, डाग पडतील, फोटो व्हायचेत!”

पाहुणे मुक्तिबोधांचा उल्लेख करतातच. मराठी घरातले कवी गजानन माधव उज्जैनात शिकले, इथे शिकवायलाही आले, पण लिहिले हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. त्यामुळे हक्क दोन्हीकडचे वक्ते सांगतात, वाचण्याचे मात्र एकमेकांवर ढकलतात. गजाननरावांच्या कवितेतला ‘ब्रह्मराक्षस’ सगळी विद्या घेऊन बावडीत कोंडून पडला आहे. आमच्या ग्रंथांना निदान कोरडे कपाट तरी मिळाले!

समारोपाला प्रमाणपत्रे सरसकट सगळ्यांना, लॅमिनेशनसह. न्यायला आलेल्या आजीने नातवाला विचारले, “काय काय वाचलंस रे?”

“बॅनर. त्यात दोन चुका होत्या.”