स्पोर्ट्‌स कारचा आवाज ओळखावा कसा? (नवशिक्या जाणकारांसाठी)

गाडीच्या मालकाने हे वाचू नये. त्याच्याकडे सर्व्हिस सेंटरचा नंबर आहे, हप्तेही आहेत. ही माहिती त्याच्या गाडीभोवती जमणाऱ्यांसाठी आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर अशी गाडी ताशी वीसच्या वेगात ‘कट-कट’ करत येते, कडेला थांबते, काच खाली होते आणि मालक कुणाकडेही न बघता विचारतो, “कसला आवाज येतोय हो?” तुमची वेळ आली.

हात पाठीमागे बांधा, मान जराशी कलती ठेवा, आणि काहीही झालं तरी “बॉनेट उघडा” म्हणू नका. नवशिका इथेच पकडला जातो. अशा बऱ्याच गाड्यांचं इंजिन सीटच्या मागे असतं. पुढचं झाकण उघडलं की बॅग ठेवायची जागा दिसते. दिलीप छाब्रियांच्या कंपनीने २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेली ‘अवंती’ घ्या. दोन माणसांची, इंजिन पाठीशी, आणि तेही रेनॉचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल. रेनॉ हे नाव नाशकात जपून उच्चारावं. २००७ पासून महिंद्रा-रेनॉची लोगन इथेच बनत होती, त्यामुळे गर्दीत महिंद्रातून निवृत्त झालेले एक काका असणारच आणि ते “इंजिन आपल्याकडचंच आहे” असं जाहीर करणारच. लोगनची इंजिनं वेगळी, लहान आणि टर्बो पेट्रोल तर मुळीच नव्हती. पण काकांना अडवू नका, चहा तेच पाजणार असतात.

मायकोवाले काका जास्त अवघड. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. काका आणि मायको सर्कल हा चौक, दोघांनीही ते मनावर घेतलं नाही. डिझेलच्या नोझलमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यामुळे त्यांना प्रत्येक आवाजात नोझलच ऐकू येतो. गाडी पेट्रोलची आहे, ही बातमी त्यांना हळूहळू द्यावी.

आता थोडं खरं काम. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस द्यायला सांगा. आवाज आला तर चाकं, ब्रेक, सस्पेन्शन सुटले. इंजिन किंवा सायलेन्सरकडे बघा. आला नाही, तर चालत्या गाडीत ब्रेक दाबून पाहायचा. दाबताच किंचाळली तर पॅड. मात्र सिरॅमिक डिस्क असतील तर थंड असताना त्या ओरडतातच, तो त्यांचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे-मागे घ्या. पार्किंगमध्ये पुढची चाकं फटकन उड्या मारत सरकली तर मालकाचा चेहरा पडेल. पडू द्या. रुंद टायर, पुढच्या चाकांची ठेवण वेगातल्या वळणासाठी केलेली. आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं वर्तुळ हवं असतं, ते नीट मिळत नाही आणि थंड रबर घसरण्याऐवजी अडखळतं. काहीही तुटलेलं नाही. याच क्षणी तुमच्या ओठांवर येईल, “पुढचा एक्सल गेला.” गिळा! चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या सोडल्या तर यांची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे जाण्याजोगा एक्सलच नसतो.

वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे बेअरिंग. ती पारखायला सारखा रस्ता आणि एकसारखा वेग लागतो, म्हणून ही पायरी नाशिककरांनी पुस्तकात वाचून सोडून द्यावी. इथले गतिरोधकच बघा. इंडियन रोड्‌स काँग्रेसने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा असं सांगून ठेवलंय. कॉलनीवाल्यांनी एका रात्रीत घातलेला गतिरोधक उंचीच्या बाबतीत उदार आणि रुंदीच्या बाबतीत काटकसरी असतो. तिथे ‘खर्रर्र’ झालं तर निदान करावं लागत नाही, सगळ्या गल्लीला ते आधीच कळलेलं असतं.

राहिली ती सुरुवातीची कट-कट. चाकाच्या फेऱ्यांच्या तालावर वाजते, वेग वाढला की जलद होते, ब्रेक दाबल्यावर कधी थांबते? टायरच्या खाचेत खडा शोधा. नसेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये मोबाइलचा टॉर्च मारा. खोदलेल्या रस्त्यावरची खडी तिथे हौसेने बसते. डिस्क गार होऊ द्या, मग लांब स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा दाबला की खडा खाली पडतो.

तो लगेच दाखवू नका. मुठीत धरून आणखी दोन मिनिटं चाकाखाली बघत राहा, “हं, मोठं काम होतं” असं पुटपुटा, आणि मायकोच्या काकांचं नोझलवरचं बोलणं संपू द्या. चहा आला की मग मूठ उघडा.